ओळ चौथी, दगड अकरावा

लाल पेन्सिलीनं अठ्ठावीस चुका काढून झाल्यावर एकोणतिसावी म्हणून आर्डिस फोलकर्ट्सला स्वतःचं नाव सापडलं. पान एकोणीस, दफनभूमी क्रमांक सात, न्यू लीर. ओळ चौथी, दगड नववा: फोलकर्ट्स, उब्बे. दगड दहावा: फोलकर्ट्स, गेशे. दगड अकरावा: फोलकर्ट्स, आर्डिस, १९५१–१९७९. उब्बे म्हणजे वडील, ते अडुसष्ट साली गेले. गेशे म्हणजे आई, ती शहाण्णव साली. आणि ही तिसरी त्या वेळी शिकागोच्या एका मोठ्या संग्रहालयाच्या चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी बसली होती, साठ वर्षांची होती, आणि तिच्या डाव्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं.

त्या मजल्यावर आर्डिसचं काम वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं. तीन हजार वर्षांपूर्वीचा घडा असो की देवमाशाचं हाड, तिच्या मते साठ शब्दांत न मावणारी गोष्ट जगात नव्हती, आणि साठ शब्दांच्या लायकीच्या गोष्टीही फार नव्हत्या. दर वसंतात मिडवेस्टमधल्या लहानसहान इतिहास मंडळांच्या पुस्तिका बक्षिसासाठी यायच्या आणि त्या तपासायचं काम ती हौसेनं मागून घ्यायची. दुपारी जेवताना त्यांतले मासले मोठ्यानं वाचून दाखवले की सगळा विभाग हसायचा. या वर्षीची केलर काउंटीची पुस्तिका तर मेजवानी होती. ‘दफनभूमी, ऐतिहासिक स्थळे आणि लहान गावे’, चौसष्ट पानं, तारेची बांधणी, मुखपृष्ठावर सूर्यास्त. ऐतिहासिक स्थळं म्हणजे पाट्या. इथे गिरणी होती. इथे बँक होती, तिच्यावर एकदा दरोडा पडणार होता. इथे रेल्वे येणार होती. सबंध काउंटीचा इतिहास म्हणजे काहीतरी होतं किंवा होणार होतं अशा रिकाम्या जागांची यादी, आणि प्रत्येक रिकाम्या जागेपाशी कुणीतरी वर्गणी काढून एक खांब पुरलेला. आपण त्या काउंटीतल्या आहोत हे आर्डिसनं इथं कुणाला सांगितलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरून बर्नाडीननं विचारलं, “काय गं, आज काही मजेशीर नाही का?”

“मी मेलेय,” आर्डिस म्हणाली.

“मग जेवायला येणार नाहीस का?”

“येते की.”

ती गेली, जेवलीही. पण सूप पिताना जिभेला चव लागेना, आणि याचाच तिला राग आला. चूक म्हणून सोडून देता आलं असतं. ज्या माणसांना स्वल्पविराम कुठे द्यावा कळत नाही, त्यांना कोण जिवंत आणि कोण मेलं हे तरी कुठून कळणार. पण पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा फोटो होता. चौथ्या ओळीचा, तिरपा काढलेला. राखाडी ग्रॅनाइटचे तीन दगड, तिन्ही एका उंचीचे, तिन्ही एकाच हातानं कोरलेले. छापण्यात चूक होते, दगडात होत नाही. दगडासाठी कुणीतरी सांगायला जावं लागतं, नाव कागदावर लिहून द्यावं लागतं, सन नीट वाचून पाहावा लागतो. अठराशे चाळीस माणसांच्या यादीत आपण इतकं नीटनेटकं मेलेलं असावं याचा तिला अपमान वाटला. घरी फोन करून खुलासा विचारता येईल असं माणूस तिकडे उरलेलं नव्हतं. तिनं ठरवलं, जायचं. मेच्या शेवटच्या शनिवारी मंडळाची सहल असते असं पुस्तिकेच्या मागच्या पानावर होतं. चूक पत्रानं कळवली तर माणसं आभार मानतात. तोंडावर दाखवली तर तोंड बघायला मिळतं.

पहाटे निघून तिनं मिसिसिपी ओलांडली तेव्हा सात वाजले होते. पुढे तोच रस्ता. केलर काउंटीतला रस्ता वळत नाही, वळण्याचं कारण त्याला मिळत नाही. दोन्ही बाजूंना बोटभर मका, इतका सरळ रांगेत की गाडी चालवताना रांगाच पाय टाकत मागे पळतात असं वाटतं, आणि लहानपणी वडिलांच्या ट्रकमध्ये बसून हेच बघताना तिला मळमळायचं. वडील म्हणायचे, समोर बघ. समोर पाण्याची टाकी असायची, टाकीवर गावाचं नाव, टाकीशेजारी धान्याचं उंच कोठार, आणि त्या दोहोंच्या सावलीत जेवढी घरं मावतात तेवढंच गाव. ही माणसं दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीच्या वायव्य टोकाच्या दलदलीतून उठून इथे आली आणि पहिलं काम त्यांनी काय केलं, तर इथली दलदल शोधून तिच्यात मुक्काम ठोकला. सोबत आणलं काय, तर चहा. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर कढत चहा, खडा तडकला की सगळ्यांनी मान डोलवायची. वरून साय, कपाच्या कडेनं सोडायची, ढवळायची नाही. तीन कप. दोन घेतले तर घरच्यांचा अपमान, चौथा घेतला तर हावरटपणा. याला ते संस्कृती म्हणत.

चर्चपाशी पांढरी छोटी बस उभी होती आणि दारात एक रुंद बाई छातीवर नावाच्या चिकटपट्ट्या लावत होती. तिच्या स्वतःच्या पट्टीवर विल्मा उबेन असं होतं. उबेनांची विल्मा. शाळेत दोन वर्षं मागे, नाक सतत वाहतं. आता नाक कोरडं होतं आणि गळ्यात मंडळाची शिट्टी होती. ओमाहाहून आलेल्या एका निवृत्त जोडप्याचं नाव विल्मानं विचारून, वळणदार अक्षरात लिहून त्यांना लावलं. मग तिनं आर्डिसकडे पाहिलं. अर्धा क्षण. आणि तिच्या हातात एक कोरी पट्टी ठेवली.

“लांबून आलात?”

“शिकागोहून.”

“लांबच की,” विल्मा म्हणाली. “बसा. पुढं बसा, मागं धक्के बसतात.”

ओळखलंसुद्धा नाही, आर्डिसनं मनात नोंद केली, आणि त्यात तिला विजय वाटला. इतक्या मठ्ठ माणसांत सत्तावीस वर्षं काढली. बसमध्ये बारा जण होते, तरी विल्मा ध्वनिक्षेपकात बोलत होती. इथे गिरणी होती. बारा माना उजवीकडे वळल्या. उजवीकडे पाटी होती आणि पाटीमागे मका. ग्रोथहाउस गावात बस थांबवून विल्मानं सांगितलं की इथली लोकसंख्या एकतीस आहे, मागच्या महिन्यापर्यंत बत्तीस होती, आणि मग बत्तिसावा माणूस कसा होता हे तिनं सहा मिनिटं सांगितलं. ओमाहाचा माणूस वहीत लिहून घेत होता. आर्डिस काचेतून बाहेर बघत तोच मजकूर साठ शब्दांत बसवत होती, मग तीस शब्दांत, मग तिला कळलं की एकही शब्द लागत नाही.

न्यू लीरच्या दफनभूमीत पिओनीच्या फुलांचा वास कोंडला होता. मेच्या शेवटी काउंटीतल्या प्रत्येक घरच्या पिओनी कॉफीच्या रिकाम्या डब्यांत घालून मेलेल्यांना वाहिल्या जातात, डब्यांना चांदीचा कागद गुंडाळून, त्यांवर मुंग्या. हा वास तिला नाकापेक्षा गुडघ्यांत आठवला. याच दिवशी आईबरोबर गुडघ्यावर बसून वडिलांच्या दगडाची अक्षरं दात घासायच्या ब्रशानं घासायची. आई म्हणायची, कोपरे. आर्डिसनं कोपरे घासले. तिच्या आयुष्यातली पहिली संपादकीय सूचना.

विल्मा चौथ्या ओळीत आली, नववा दगड झाला, दहावा झाला. अकराव्यापाशीही डबा होता, ताजा, गडद लाल पिओनींचा. आर्डिसनं आपलं नाव वाचलं. मोठ्या, खोल अक्षरांत, कोपरे स्वच्छ. तिला वाटलं होतं की हसू येईल. त्याऐवजी शेजारी उभ्या असलेल्या ओमाहाच्या बाईच्या अंगाला साबणाचा वास येतो आहे एवढंच तिला फार स्पष्ट कळत राहिलं.

“आर्डिस,” विल्मा म्हणाली. “उब्बे आणि गेशेची एकुलती. एकोणऐंशीत गेली. काउंटीत पहिली आलेली मुलगी. तिला इथलं काही पसंत पडायचं नाही.”

“सत्तावीस-अठ्ठावीस म्हणजे काहीच वय नाही हो,” ओमाहाचा माणूस म्हणाला. “कशानं गेली?”

“शिकागोला होती,” विल्मा म्हणाली. जणू तो एक रोग असावा. ओमाहाच्या माणसानं समजून मान हलवली.

हाच तो क्षण होता. यासाठी ती सहा तास गाडी हाकत आली होती. वाक्यही तयार होतं, रस्त्यात दहादा घासून पुसून ठेवलेलं. पण विल्मा पुढच्या दगडाकडे सरकली, माणसं सरकली, आणि आर्डिसचं तोंड उघडलं ते निराळ्याच वाक्यासाठी. “मी इथेच थांबते,” ती म्हणाली. विल्मानं वळून न बघता सांगितलं की जेवण बारा वाजता चर्चच्या तळघरात आहे, कुणीतरी आणून सोडेल. बस गेली. धूळ बराच वेळ रस्त्यावर तरंगत राहिली, कारण वारा नव्हता.

तिसऱ्या ओळीत एक म्हातारा उलट्या बादलीवर बसून दगडाभोवतीचं गवत हातकात्रीनं कापत होता. तो आधीपासून तिथेच होता, आणि इतका तिथलाच होता की दिसला नव्हता. तो उठला, गुडघे धरून, टप्प्याटप्प्यानं.

“उभं राहायची पद्धत बदलली नाही तुझी,” तो म्हणाला. “एका पायावर. बस चुकल्यासारखी.”

तो रेम्ट हार्बर्ट्स होता. एकोणऐंशीच्या जूनमध्ये ती याच्याशी लग्न करणार होती. लग्नाला बारा दिवस असताना ती निघून गेली, आणि इतक्या वर्षांत तिनं त्याच्याविषयी विचार केलाच असेल तर तो एका संध्याकाळचा. त्याच्या आईच्या टेबलावर तिसरा कप चालला होता. रेम्टनं खडा तडकलेला ऐकला, हसला आणि म्हणाला, हे असंच चालू राहील बघ, चाळीस वर्षं. त्याला ते सुख म्हणून सांगायचं होतं. तिला खोलीतली हवा संपल्यासारखं झालं होतं. तिनं कपावर चमचा आडवा ठेवला, म्हणजे आता नको, आणि तिच्या मते तिचं आयुष्य त्या चमच्यापासून सुरू झालं. आता त्याच्या कानांतून पांढरे केस आले होते. तिला वाटलं, बरं झालं. मग लगेच, कुणाचं बरं झालं हे काही तिला ठरवता आलं नाही.

“हा दगड कुणी बसवला?”

“मी. आणि पाथरवट आल्टन. आल्टन गेला.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“तुझ्या आईच्या.” त्यानं कात्री मिटली, खिशात घातली. “आणि तिला तू सांगितलंस.”

“मी काय सांगितलं?”

“पत्रात लिहिलं होतंस ना. मी मेले असं समज. तिनं समजलं.”

पत्र. चार पानं, डेव्हनपोर्टच्या एका मोटेलच्या कागदावर लिहिलेली. त्यातली काही वाक्यं तिला अजून पाठ होती, कारण ती चांगली उतरली होती. या गावात कुणी मरत नाही, कारण मरायला आधी जगावं लागतं. सत्तावीस वर्षांच्या मुलीनं लिहिलेलं हे वाक्य साठ वर्षांच्या बाईनंही लाल पेन्सिल न लावता सोडलं असतं. पण शेवटची ती ओळ तिला आठवतच नव्हती. असेल. पत्र संपवताना माणूस काहीतरी लिहितोच, तुझी लाडकी लिहितो तसं. दुसऱ्या कुणा आईनं ती ओळ वाचून रडून घेतलं असतं, चार दिवसांनी शिव्या देणारं उत्तर पाठवलं असतं. पण गेशे फोलकर्ट्सला शब्दाचा एकच अर्थ कळायचा. एकदा नव्या पाद्र्यानं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि बसा म्हणायला विसरला. बाकीचे हळूहळू टेकले. आई सबंध प्रवचनभर उभी राहिली. बारा वर्षांची आर्डिस शेजारी बसून लाजेनं मेली होती. आईच्या पोटऱ्या थरथरताना तिला नेमक्या डोळ्यांसमोर दिसत होत्या. आईच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. सांगितलं, उभी राहिली.

“सगळ्या गावाला सांगितलं की मी मेले?”

“तसं नाही. पत्र दाखवलं. मला दाखवलं, पाद्र्याला दाखवलं, दुकानात दाखवलं. म्हणाली, तिचं असं म्हणणं आहे. पाद्री म्हणाला, रिकाम्या पेटीवर प्रार्थना म्हणणार नाही. तर म्हणाली, रिकामी नाहीये.”

“काय होतं पेटीत?”

“तुझा लग्नाचा झगा. शिवत आणला होता ना. एक बाही राहिली होती, ती पुरी केली आणि मग घातला.” रेम्ट दगडाकडे बघत नव्हता, मक्याकडे बघत होता. “पाद्री आला नाही. बाकी सगळे आले. धारा काढायची वेळ होती तरी आले.”

“सगळ्यांना माहीत होतं की मी जिवंत आहे.”

“हो तर.”

“तरी आले.”

“बाई आपल्या मुलीला पुरतेय,” रेम्ट म्हणाला. “घरी बसायचं का मग?”

तिला ते चित्र दिसलं आणि तिनं त्याचा तिरस्कार करून पाहिला. काळे कोट घातलेले दीडशे मठ्ठ लोक, जूनच्या उन्हात, एका झग्याभोवती, टोप्या हातात घेऊन. त्या दिवशी ती शिकागोच्या सरोवराकाठी अनवाणी चालत होती आणि आपल्याला ओळखणारं इथे कुणी नाही या आनंदानं हसत होती. इतकं हास्यास्पद काही या काउंटीतही कधी घडलं नसेल. पण तिरस्कार नेहमीसारखा लागू पडेना. तो पेटायला वरची बाजू लागते, उंचावर उभं राहावं लागतं, आणि तिला आपण कुठे उभ्या आहोत तेच कळेना. पायाखाली गवत होतं, गवताखाली साडेचार फूट माती, आणि तिच्याखाली पुरी झालेली बाही.

“मी दर नाताळात कार्ड पाठवत होते,” ती म्हणाली. “सतरा वर्षं. तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही.”

“ती कार्डं पण इथेच आहेत.”

“कुठे?”

“इथे.” त्यानं बुटाच्या टोकानं दगडाच्या पायथ्याशी दाखवलं. “यायचं की मला आणून द्यायची. जानेवारीत जमीन दगड झालेली असते. मग मार्चपर्यंत माझ्याकडे ठेवायचो, गोठ्यातल्या फळीवर. जमीन सुटली की घालायचो.”

“वाचलीस?”

“बंद होती ना. ती म्हणायची, मेलेल्या माणसाचं पत्र फोडू नये.”

त्र्याऐंशीच्या नाताळात कार्ड नव्हतं. जाड पाकीट होतं. त्या नोव्हेंबरात तिचं गर्भाशय काढलं होतं, इस्पितळातल्या खाटेवर तिच्या शेजारी बसायला कुणी नव्हतं, आणि भूल उतरताना ती घरच्या बोलीत, त्या दलदलीतल्या बोलीत, आईला हाका मारत होती असं परिचारिकेनं तिला मागाहून हसत सांगितलं. तिनं सात पानं लिहिली. एकही चांगलं वाक्य नव्हतं. मला घरी यायचं आहे, तू एक ओळ लिही, नुसतं ये म्हण, मी येते. मग ती जानेवारीभर टपालपेटी उघडत राहिली. फेब्रुवारीत तिनं ठरवलं की आई दगड आहे. मार्चमध्ये तिला संग्रहालयातली नोकरी लागली. त्यानंतर तिनं केलं ते सगळं त्या न आलेल्या एका ओळीला उत्तर होतं. ती टोकदार जीभ, त्या चिठ्ठ्या, दुपारचं हसणं, नको म्हणून घरी पाठवलेली दोन बरी माणसं. शहाण्णवच्या नाताळात पाठवलेलं शेवटचं कार्ड ‘मृत’ असा शिक्का घेऊन परत आलं तेव्हाही तिनं एवढंच म्हटलं की उत्तर आलं एकदाचं. आणि ते जाड पाकीट मार्चपर्यंत या माणसाच्या गोठ्यातल्या फळीवर पडून होतं, न फोडलेलं. गाईंच्या श्वासानं ओलावलेलं. नकार कुणी दिलाच नव्हता. तेवीस वर्षं, चोवीस वर्षं, पुढचं मोजणं तिनं थांबवलं. इतकी वर्षं ती एका माणसाशी भांडत होती आणि त्या माणसाला भांडणाचा पत्ताच नव्हता.

“एक जाड होतं,” रेम्ट म्हणाला. “ते मी तिला दोनदा नेऊन दाखवलं. म्हटलं, हे जड आहे गेशे. तिनं हातात घेतलं, बराच वेळ धरलं. मग म्हणाली, नाही, तिनं सांगितलंय.”

आर्डिस दगडाच्या पायथ्याकडे बघू लागली.

“हवी असतील तर खोरं आणतो,” तो म्हणाला. “ट्रकमध्ये आहे. फार खोल नाहीत.”

“नको.”

“बरं.”

“हा दगड मला इथून काढायला हवाय.” तिचा आवाज तिला संग्रहालयातल्या आवाजासारखा ऐकू आला, आणि थोडं हायसं वाटलं. “नोंद खोटी आहे. माझी संमती नाही.”

“चर्चची सभा सप्टेंबरात असते. अर्ज द्यावा लागेल.” त्यानं बादली उचलली. “लिहिशील काय त्यात? अर्जदार म्हणून?”

तो थट्टा करत होता का हे तिला सांगता येईना, आणि चेहरा न बदलता थट्टा करण्याची कला या लोकांत आहे हे ती कशी विसरली होती याचंही तिला नवल वाटलं. तो चाळीस वर्षं असंच चालू राहील म्हणाला होता तेव्हाही कदाचित. कदाचित तेव्हाही त्याला चमच्याचं कळलं होतं.

“तू सुखी झालास?” तिनं विचारलं. प्रश्न टोचण्यासाठीच होता.

“लव्हॉन आहे. चार पोरं आहेत. त्या पिओनी लव्हॉनच्या.” तो ट्रककडे चालू लागला. “चल. बारा वाजले. त्या बायका कुणासाठी थांबत नाहीत.”

तळघरात लांब टेबलांवर कागद अंथरला होता. हॅम भरलेले मऊ पाव, चिरलेली गाजरं घातलेली केशरी जेली, क्रीम आणि कांद्यात भाजलेले बटाटे, चॉकलेटच्या वड्या. चाळीसेक माणसं होती. आर्डिस आत आली तेव्हा कुणी थांबलं नाही, कुणी कुजबुजलं नाही, कुणाची मान वळली नाही, आणि याच गोष्टीवरून तिला अखेर कळलं. अनोळखी माणूस आत आला तर या गावात सगळे वळून बघतात. न बघण्यासाठी आधी ठरवावं लागतं. सकाळची कोरी पट्टी अजून तिच्या कोटावर होती. तिच्या हातात ताटली आली, ताटलीत बटाटे आले, मागितले नव्हते तितके. “आणखी घ्या की.” “जेली घरची आहे.” “प्रवास कसा झाला?” प्रत्येक जण बोलत होता, आणि चाळीस माणसं इतकं बोलूनही एक नाव उच्चारायचं टाळत होती, इतक्या सफाईनं, की आयुष्यभर शब्द छाटण्याचं काम केलेल्या तिला त्या कसबाची दाद द्यावीशी वाटली. तिनं यांना मठ्ठ म्हणण्यात जन्म घालवला होता. यांनी तिला काहीही न म्हणण्यात.

समोर ओमाहाचा माणूस होता. “तुमचं कुणी आहे का इथं, त्या दफनभूमीत?”

टेबलावर चमचे वाजत होते ते वाजत राहिले. फक्त जरा हळू.

“आहे,” आर्डिस म्हणाली. “आईवडील.”

“अरे वा. म्हणजे तुम्ही इथल्याच.”

“ह्यांना बटाटे द्या,” विल्मा पलीकडून म्हणाली, आणि बटाट्यांचं भांडं ओमाहाच्या माणसाकडे गेलं.

जेवण झाल्यावर ती ताटली घेऊन मोरीकडे गेली. विल्मा बाह्या सारून भांडी विसळत होती. आर्डिसनं टॉवेल उचलला, न विचारता, आणि विल्मानं न विचारता पहिली ताटली तिच्या हातात दिली. दहा-बारा ताटल्या अशाच गेल्या.

“सकाळी ओळखलंस,” आर्डिस म्हणाली.

“गाडीतून उतरताना.”

“मग?”

विल्मानं फेसातून एक कप बाहेर काढला, उजेडात धरून पाहिला. “गेशेकाकू जायच्या आधी दोन आठवडे मी आणि रेम्टची लव्हॉन आळीपाळीनं तिच्यापाशी बसायचो. तिनं सगळं नीट सांगून ठेवलं होतं. झग्याचं, दगडाचं, खुर्च्या कुणाला द्यायच्या ते. तुझंही. म्हणाली, ती येईल एक दिवस. चुका काढायला येईल. तेव्हा तिच्याशी भांडू नका, तिला पोटभर जेवायला घाला, आणि नावानं हाक मारू नका, तिला आवडायचं नाही.”

“आणि मी काही विचारलं तर?”

“ते मी पण तिला म्हटलं.” विल्मानं कप पुढे केला. “तर म्हणाली, विचारणार नाही. तिला सगळं माहीत असतं.”

कप निथळत होता. आर्डिसनं तो पुसला, आतून पुसला, कान पुसला. बाहेर खुर्च्या सरकत होत्या, ओमाहाचा माणूस कुणाला तरी गिरणीविषयी विचारत होता, कुणीतरी त्याला गिरणीविषयी सांगत होतं. आई तिला ओळखत होती. हे इतकं साधं होतं की चीड आली, आणि चिडीबरोबर नेहमीचं वाक्यही आलं, चांगलं, धारदार, ओठांपर्यंत. ते तिनं तिथेच अडवून धरलं. अडवल्यावर त्याच्या मागे काहीच नव्हतं, नुसती एक मोठी जागा होती. पंधरा वर्षांत तिनं हे कुणालाही विचारलं नव्हतं. टपालखात्याच्या शिक्क्यावर तिचं भागलं होतं.

“विल्मा,” ती म्हणाली. “आई कशानं गेली?”

विल्माचे हात पाण्यात थांबले. तिनं आर्डिसकडे पाहिलं, आणि या वेळी अर्धा क्षण नाही, चांगलं पाहिलं. मग तिनं नळ बंद केला, हात कोरडे केले, भिंतीपाशी दुमडून ठेवलेल्या खुर्च्यांतल्या दोन उघडल्या.

“बस,” ती म्हणाली. “पोटाचं होतं. ऑगस्टात सुरू झालं.”